जुने संगणक मोकळे करताना: कामाच्या नोंदी

2 नोव्हेंबर 2025

घरातले वापरात नसलेले सगळे संगणक आज एका टेबलावर आणले. विंडोज 10 चा नेहमीचा आधार (मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या) 14 ऑक्टोबरला संपला, त्यामुळे पुतणीचा लॅपटॉपही या रांगेत आला. बाकीची यंत्रं कधीपासून कोपऱ्यात पडून होती. टाकून द्यावीत तर आत काय आहे याची धास्ती, ठेवावीत तर उपयोग नाही.

प्रत्येकाला आकड्याची चिठ्ठी चिकटवली. वहीत मालक, प्रणाली, डिस्कचा प्रकार, डिस्कचा अनुक्रमांक आणि पासवर्ड माहीत आहे का, एवढं लिहिलं.

क्र. 1: आत्याचा टॉवर. विंडोज एक्सपी, 40 जीबीची आयडीई (जुन्या रुंद जोडणीची) हार्ड डिस्क. पासवर्ड आत्याला विचारायचा.
क्र. 2: काकांचा लॅपटॉप. विंडोज 7, 320 जीबीची साटा (नंतरच्या अरुंद जोडणीची) डिस्क. चालू केल्यावर आतून टकटक आवाज येतो. लगेच बंद केला.
क्र. 3: पुतणीचा लॅपटॉप. विंडोज 10, एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क). व्यवस्थित चालतो.
क्र. 4: काचेच्या नळीचा जुना मॉनिटर, एक राउटर, आणि खोकाभर सीडी, फ्लॉपी, पेन ड्राइव्ह.

एक नियम सगळ्यांना सांगून टाकला. ज्याच्या फाइली आहेत त्याने त्या नव्या जागी स्वतः उघडून पाहिल्याशिवाय कुठलीही डिस्क पुसली जाणार नाही. कॉपी पूर्ण झाल्याचा संदेश आला म्हणजे काम झालं असं मी धरणार नाही. फाइलींची संख्या जुळते, आकारही जुळतो, आणि उघडायला गेलं की चौकोन दिसतात असं होऊ शकतं. ते ज्याचं त्यालाच कळतं.

5 नोव्हेंबर

क्र. 1 उघडला. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारचे दोन-तीन कपॅसिटर (वीज साठवणाऱ्या छोट्या डब्या) वरून फुगलेले आहेत. त्या काळातल्या बोर्डांचा हा ठरलेला आजार. असा बोर्ड कधीही दगा देईल, म्हणून यंत्र सुरू करून फाइली काढण्याऐवजी आधी डिस्क बाहेर काढली आणि यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडली.

साडेतीन इंची डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही, तिला 12 व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. मागचा जंपर (डिस्क मुख्य की दुय्यम ते ठरवणारी छोटी टोपी) मास्टरवर, म्हणजे मुख्यवर, आहे ना तेही बघावं लागतं, नाहीतर अडॅप्टरला कधी कधी डिस्क दिसतच नाही.

जोडण्यासाठी लिनक्स वापरलं आणि डिस्क फक्त वाचण्यापुरतीच उघडली. विंडोजला जुनी डिस्क जोडली की ते आपणहून तिच्यावर लिहायला लागतं: रिसायकल बिन, शोधाची सूची, कधी डिस्क दुरुस्तीचा प्रयत्न. मूळ डिस्कला हात लागू द्यायचा नाही. अख्ख्या डिस्कची सेक्टरगणिक प्रतिमा, म्हणजे तुकड्यातुकड्याने जशीच्या तशी प्रत, घेतली, तिचा शा-256 चेकसम (आतलं काहीही बदललं की बदलणारा ओळखीचा आकडा) वहीत उतरवला. यापुढे जे काही करून बघायचं ते प्रतिमेवर.

6 नोव्हेंबर

लोक "माझ्या फाइली" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स एवढंच असतं. प्रत्यक्षात अर्धा ऐवज लपवलेल्या फोल्डरांत असतो. एक्सपीवर आत्या आउटलुक एक्स्प्रेस वापरायची. त्याची टपाल डीबीएक्स फाइलींमध्ये असते आणि त्या फाइली प्रोफाइलच्या खूप आत, लपलेल्या ॲप्लिकेशन डेटाखाली, एका लांबलचक आकड्यांच्या फोल्डरात बसलेल्या असतात. डॉक्युमेंट्स कॉपी करून समाधानी होणाऱ्याची सगळी पत्रं मागे राहतात. आउटलुकवाल्यांनी पीएसटी फाइल शोधावी, थंडरबर्डवाल्यांनी अख्खा प्रोफाइल फोल्डर उचलावा.

आणखी एक फोल्डर मी मुद्दाम घेतला: विंडोजमधला फॉन्ट्स. का, ते आत्या आल्यावर.

"खाजगी" नावाच्या फोल्डरात काही फाइलींची नावं हिरव्या रंगात दिसली पाहिजेत असा अंदाज आहे, कारण प्रतिमेतून त्या उघडायला गेल्यावर नकार येतो. ही विंडोजची स्वतःची ईएफएस एन्क्रिप्शन सोय, म्हणजे फाइलींना कुलूप लावणं. एक्सप्लोरर अशा फाइलींची नावं हिरवी दाखवतो. त्यांची किल्ली आत्याच्या खात्याच्या पासवर्डाला बांधलेली आहे.

दादा म्हणाला, "पासवर्ड उडवायचं सॉफ्टवेअर मिळतं की, दोन मिनिटांचं काम." बाकी कशालाही ते चाललं असतं, इथे नाही. पासवर्ड बाहेरून बदलला तर खात्यात शिरता येतं, पण ईएफएसची किल्ली जुन्या पासवर्डाशिवाय उघडत नाही. जुना पासवर्ड पुढे कधीच आठवला नाही तर फाइली समोर दिसत राहतील आणि वाचता येणार नाहीत. आत्याची वाट बघू.

9 नोव्हेंबर

आत्या आली. खुर्चीवर बसण्याआधीच तिने विचारलं, "माझे लेख उघडतात का रे?"

उघडतात, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरं, मधेच टिंबं चढवलेली युरोपीय अक्षरं, पाउंडाची खूण, कंस. आत्याचा चेहरा पडला. तिला वाटलं, फाइली कुजल्या.

फाइली धडधाकट आहेत. ते लेख श्रीलिपीत टाइप केलेले. त्या काळी मराठी टायपिंगच्या बहुतेक प्रणाल्या, श्रीलिपी असो, आकृती असो की सी-डॅकची आयएसएम, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायच्या. फाइलीत साठवलेलं असतं ते इंग्रजी अक्षर. फॉन्ट त्याला काना, वेलांटी किंवा अर्धा "स" असं रूप देतो. युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे 1991 पासून आहे, पण विंडोजमध्ये ती नीट जुळून दिसायला लागली विंडोज 2000 पासून. त्यानंतरही कितीतरी वर्षं छपाईची कामं जुन्याच फॉन्टांत चालली. म्हणजे फॉन्ट हरवला की लेख हरवला. मराठी माणसाच्या जुन्या संगणकातून सगळ्यात आधी काय काढायचं असं कुणी विचारलं तर मी फॉन्ट्सचा फोल्डर सांगेन. फोटो कुणीही आठवणीने घेतो, फॉन्ट कुणी घेत नाही.

परवा उचललेल्या फोल्डरातला श्री-देव मालिकेतला फॉन्ट बसवला, फाइल पुन्हा उघडली आणि पान मराठीत आलं. आत्याने पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला.

मग रूपांतर. लेख रूपांतरकातून युनिकोडमध्ये नेले आणि एकेक पान आत्याबरोबर तपासलं. यंत्र ज्या जागी चुकतं त्या ठरलेल्या आहेत. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. "स्थिती" सारख्या जोडाक्षरात रूपांतरक वेलांटी अर्ध्या "स" ला चिकटवून मोकळा होतो. रफाराचं उलटं: जुन्या फॉन्टात तो शेवटी, युनिकोडमध्ये "र" आधी. आणि "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यांतला आडवा र सरळ रफार होऊन "दुसर्या", "वार्यावर" असं बसतं. आत्याच्या नजरेतून असा एकही सुटला नाही. तपासणीला वेळ लागतोय, लागू दे.

प्रत्येक लेख तीन रूपांत ठेवतो आहे: मूळ फाइल जशीच्या तशी, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ, आणि तपासलेली युनिकोड प्रत. पीडीएफवरून पान कसं दिसायचं ते कायम कळेल, युनिकोड प्रतीत शोधता येईल, आणि उद्या यापेक्षा चांगला रूपांतरक आला तर मूळ फाइल हाताशी असेल.

पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्याही काही फाइली निघाल्या. लिबरऑफिस ड्रॉ त्या उघडतं. मांडणी थोडी सरकते, मजकूर मिळतो.

उठता उठता विचारलं, "आत्या, त्या संगणकाचा पासवर्ड आठवतो का गं?" आठवत होता. डिस्क परत टॉवरमध्ये बसवली. प्रतिमा हातात असल्याने बोर्ड आता गेला तरी हरकत नव्हती. आत्याने स्वतः पासवर्ड टाकला, हिरवी नावं समोर आली. त्या फाइली फॅट32 या जुन्या, साध्या फाइल-रचनेवर बांधलेल्या पेन ड्राइव्हवर घेतल्या. फॅटमध्ये ईएफएस राहूच शकत नाही, त्यामुळे कॉपी होतानाच कुलूप निघतं. आत काय आहे ते मी पाहिलं नाही. पेन ड्राइव्ह आत्याच्या पर्समध्ये गेला.

13 नोव्हेंबर

क्र. 2. डिस्क काढून स्मार्ट नोंदी (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) वाचल्या. बदली दिलेल्या सेक्टरांचा आकडा वाढलेला, आणि सी5, म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेले सेक्टर, शेकड्यांत. ही डिस्क मरणपंथाला लागली आहे. तिच्यावर नेहमीची कॉपी लावायची नाही. एक्सप्लोरर खराब जागेवर अडतो, पुन्हा पुन्हा तिथेच डोकं आपटत राहतो आणि डिस्कचं उरलेलं आयुष्य त्या एका फाइलीवर खर्च होतं. डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा तर मुळीच चालवू नये. ती मूळ डिस्कवर लिहिते.

डीडीरेस्क्यू (बिघडलेल्या डिस्कची प्रतिमा काढणारं सॉफ्टवेअर) लावलं. ते पहिल्या फेरीत सहज वाचता येणारं सगळं उचलतं आणि अडलेल्या जागा ओलांडून पुढे जातं. कुठे काय मिळालं, काय राहिलं याचा नकाशा एका वेगळ्या फाइलीत लिहितं. त्यामुळे मधे थांबवून, डिस्क थंड होऊ देऊन, पुढे सुरू करता येतं. अवघड जागांवर ते शेवटी परत येतं. काका दारातून विचारून गेले, "येतंय का काही?" येत होतं. पहिल्याच फेरीत बहुतेक डिस्क हाती आली.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजूनही कुणी ना कुणी देतं. ऐकू नये. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि तबकडीपासून केसाहूनही कमी अंतरावर तरंगणाऱ्या, वाचणाऱ्या हेडला बिघडवायला ते पुरतं. आणि ज्या फाइलींशिवाय खरोखरच अडणार आहे, पण डिस्क अशी टकटकते, तिथे घरगुती प्रयोग न करता डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडे जावं. काकांना विचारलं, ते म्हणाले इथंच करू.

15 नोव्हेंबर

नंतरच्या फेऱ्यांत आणखी थोडं मिळालं. उरलेली जागा वाचली जाणार नाही असं धरून थांबवलं.

कोणत्या फाइली गेल्या हे कळायला एक सोय आहे. डीडीरेस्क्यूलाच सांगायचं की प्रतिमेत न वाचलेल्या जागी एक ठरावीक शब्द भर. मग तो शब्द ज्या ज्या फाइलींत सापडेल त्या खराब. अशी यादी काढली. बरीचशी विंडोजच्या स्वतःच्या फाइलींची, त्यांचं दुःख नाही. काही फोटो आहेत. एक उघडून पाहिला: वरचा निम्मा भाग स्वच्छ, खाली सपाट राखाडी. यातले काही फोटो खोक्यातल्या सीडींवर असतील, म्हणून आता सीडी वाचायला घेतो.

17 नोव्हेंबर

बऱ्याच सीडी वाचता आल्या, काही ड्राइव्हला ओळखूच येईनात. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर काळाने उतरतो. उजेडात राहिलेल्या आधी जातात. न वाचल्या जाणाऱ्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघाव्या, ड्राइव्हगणिक फरक पडतो. तशा आणखी काही निघाल्या आणि राखाडी फोटोंपैकी बरेच पूर्ण मिळाले.

संध्याकाळी काकांना बसवलं. "काका, मी काही सांगत नाही, तुम्हीच उघडून बघा." त्यांनी फोटोंना हातही लावला नाही, आधी हिशेबाचं सॉफ्टवेअर मागितलं. त्याच्या फाइली प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरात, सी ड्राइव्हच्या मुळाशी होत्या. वापरकर्त्याच्या प्रोफाइलपुरतंच कॉपी केलं असतं तर त्या कधीच आल्या नसत्या. म्हणूनच मालकाने बसावं लागतं. त्याला काय हवं आहे हे आपल्या अंदाजात मावत नाही.

20 नोव्हेंबर

क्र. 3. हा चालतो आहे, तेव्हा टाकायचा प्रश्नच नाही. लिनक्स घालून पुतणीच अभ्यासाला वापरणार. जे यंत्र आणखी पाच वर्षं चालेल ते तोडून कच्चा माल करण्यात काही अर्थ नाही.

पण इथे क्रम उलटा. आधी यंत्र चालू असतानाच काम उरकायचं, कारण काही गोष्टी चालू विंडोजमधूनच बाहेर येतात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड विंडोजच्या खात्याला बांधलेले असतात. फोल्डर कॉपी करून दुसरीकडे नेला तर ते उलगडत नाहीत. ते ब्राउझरमधूनच निर्यात करून थेट पासवर्ड व्यवस्थापकात घ्यायचे आणि मधली फाइल लगेच काढून टाकायची, कारण तिच्यात सगळं उघडं लिहिलेलं असतं.

बिटलॉकर (विंडोजचं अख्ख्या डिस्कला लागणारं कुलूप) चालू निघालं. पुतणीला पत्ताच नव्हता. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत ते आपोआप सुरू झालेलं असतं. 48 आकडी रिकव्हरी की तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळाली. ती न उतरवता कुणी एसएसडी बाहेर काढली असती तर प्रतिमा मिळाली असती आणि वाचता आली नसती.

खात्यांतून साइन आउट केलं, खात्याच्या उपकरण यादीतून लॅपटॉप काढला, दोन टप्प्यांच्या पडताळणीत "विश्वासू" म्हणून नोंदलेला हा संगणकही काढला. ॲपलचं यंत्र असतं तर "फाइंड माय" (हरवलेलं यंत्र शोधायची आणि मालकाच्या खात्याला बांधून ठेवणारी सोय) बंद करणं सगळ्यात महत्त्वाचं. ते राहिलं तर पुढच्या माणसाच्या हाती कुलूपबंद खोकं जातं.

23 नोव्हेंबर

प्रती कुठे ठेवायच्या ते ठरलं. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. एक बाहेरची हार्ड डिस्क आमच्याकडे, एक आत्याकडे, तिसरी एन्क्रिप्ट करून क्लाउडवर. चेकसमची यादी प्रत्येक प्रतीसोबत. हार्ड डिस्क एक्सफॅटवर (फॅटच्या नव्या रचनेवर) बांधल्या, कारण फॅट32 वर 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही आणि काकांचे व्हिडिओ त्याहून मोठे आहेत.

आत्या, काका, पुतणी, तिघांनीही आपापलं पाहून वहीत सही केली. आता पुसायला हरकत नाही.

27 नोव्हेंबर

पुसण्याआधी सगळ्यांना एक गोष्ट दाखवली. खोक्यात "फॉरमॅट केलेला, रिकामा" असं लिहिलेला पेन ड्राइव्ह होता. एक्सप्लोररमध्ये खरोखर रिकामा. त्यावर फोटोरेक (पुसलेल्या फाइली शोधून काढणारं सॉफ्टवेअर) चालवलं आणि थोड्याच वेळात कुठल्याशा लग्नाचे फोटो पडद्यावर यायला लागले. क्विक फॉरमॅट फक्त फाइलींची नोंद कोरी करतो, फाइली जागेवर राहतात. एमआयटीच्या सिमसन गारफिंकल आणि अभी शेलाट यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वापरलेल्या 158 हार्ड डिस्क विकत घेतल्या होत्या; वाचता आलेल्या 129 पैकी फक्त 12 नीट पुसलेल्या होत्या.

क्र. 1 ची डिस्क: एनवाइप या डिस्क पुसायच्या सॉफ्टवेअरने शून्यं लिहून एक फेरी आणि नंतर वाचून पडताळणी. एक फेरी पुरे. 35 फेऱ्यांचा जो आकडा ऐकू येतो तो पीटर गुटमन यांच्या 1996 च्या निबंधातला. वेगवेगळ्या जुन्या डिस्क-तंत्रांसाठी मिळून ते नमुने होते, आणि आजच्या डिस्कवर सगळे 35 चालवण्यात अर्थ नाही असं त्यांनीच पुढे लिहिलं आहे. पुसून झाल्यावर याही डिस्कवर फोटोरेक चालवलं. काही निघालं नाही.

क्र. 3 ची एसएसडी: इथे वरून लिहिणं भरवशाचं नाही. एसएसडी झीज सारखी पसरावी म्हणून प्रत्येक वेळी नव्या जागी लिहिते, आणि राखीव जागा बाहेरून दिसतही नाही. म्हणून डिस्कच्याच नियंत्रकाला सिक्युअर इरेजचा, म्हणजे सगळं आतूनच पुसण्याचा, आदेश द्यायचा. लिनक्सच्या एचडीपार्म आज्ञेने स्थिती पाहिली तर "फ्रोझन", म्हणजे आदेश घ्यायला बंद. सुरू होतानाच बायॉस (यंत्र सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) हे कुलूप लावतो. लॅपटॉप झोपवून पुन्हा जागा केला, कुलूप सुटलं, आदेश चालला. नंतर लिनक्स बसवताना पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करून घेतली. पुढच्या वेळी पुसायची पाळी येईल तेव्हा नुसती किल्ली नष्ट करून भागेल.

क्र. 2 ची मेलेली डिस्क: खराब सेक्टरांवर लिहिता येत नाही, तेव्हा ती फोडायचीच. अडीच इंची डिस्कांच्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात, भोक पाडताना त्यांच्या ठिकऱ्या उडतात. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, डिस्क जाड कापडात गुंडाळून. दादाने ड्रिल मारलं. आत काच फुटल्याचा आवाज आला आणि हलवल्यावर तुकडे खुळखुळले.

नको असलेल्या सीडी कापल्या. चमकत्या बाजूला ओरखडे काढून उपयोग नाही, ते घासून निघतात. डेटाचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो. राउटर रीसेट केला, त्यात वाय-फायचा पासवर्ड असतो. रॅम पुसावी लागते का, असं पुतणीने विचारलं. नाही, वीज गेली की ती रिकामी.

30 नोव्हेंबर

आता नुसती यंत्रं उरली.

क्र. 2 चा टचपॅड वर उचलला गेलाय, म्हणजे खालची बॅटरी फुगली आहे. ती चार्ज केली नाही, दाबली नाही, टोचली नाही. स्क्रू काढून अलगद बाहेर घेतली, टोकांवर चिकटपट्टी लावली आणि पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर धातूच्या डब्यात ठेवली. लिथियमची बॅटरी लॅपटॉपमध्येच राहून चिरडणाऱ्या यंत्रात गेली तर तिथे आग लागते; तिथे काम करणाऱ्या माणसांसाठी ती वेगळी देणं भाग आहे. टॉवरमधली सीआर2032 ची गोल बॅटरीही काढली. लहान मूल ती गिळू शकतं, म्हणून लगेच बंद डबीत.

मॉनिटर उघडायचा नाही. नळीवरच्या ॲनोडला, म्हणजे उच्च दाबाच्या वायरीच्या टोकाला, बंद केल्यावरही हजारो व्होल्टचा भार राहू शकतो. नळी फुटली तर काच आत खेचली जाऊन बाहेर उडते. शिवाय तिच्या काचेत शिसं असतं. युरोपीय संघाचा शिशावरचा निर्बंध 1 जुलै 2006 पासून आला. आत्याचा टॉवर त्याआधीचा, त्याच्या डाखातही शिसं. जुन्या पातळ पडद्यांच्या मागच्या दिव्यांत पारा असतो, ते राउटरसारखे निरुपद्रवी समजू नयेत.

हे सगळं कुणालाही देऊन चालणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला 22.3 टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला पुष्कळसा उघड्यावर फुटतो: तांब्यासाठी वायरी जाळतात आणि प्लास्टिकच्या धुरातून डायॉक्सिनसारखं विष निघतं, सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवतात. हे करणाऱ्यांत लहान मुलंही असतात. आपला मॉनिटर कुणाच्या हाती जातो याची जबाबदारी आपली, असं मी मानतो.

परवाना असलेल्या केंद्राला फोन करून विचारलं: परवाना कोणाचा, माल पुढे कुठे जातो, बॅटऱ्या वेगळ्या घेता का, अनुक्रमांकासह पावती मिळेल का. शेवटच्या प्रश्नाला जे अडखळतात त्यांच्याकडे जायचं नाही. इथे चारही उत्तरं सरळ मिळाली.

4 डिसेंबर

माल दिला. पावतीवरचे अनुक्रमांक वहीशी ताडून पाहिले, एक चुकला होता, तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतला. फोडलेली डिस्क त्यांच्यासमोर श्रेडरला (बारीक तुकडे करणाऱ्या यंत्राला) गेली. वहीत प्रत्येक क्रमांकापुढे तारीख आणि पद्धत लिहिली: क्र. 1 शून्यं लिहून, क्र. 2 फोडून, क्र. 3 सिक्युअर इरेज.

बाकी कामं:
आत्याचे पेजमेकरमधले लेख युनिकोडमध्ये आणणं राहिलं आहे. आत्या पुढच्या आठवड्यात येते म्हणाली.
काकांच्या राखाडी राहिलेल्या फोटोंची यादी चुलत भावंडांना पाठवली. कुणाकडे प्रत असेल तर मिळेल.
काकांच्या डिस्कची प्रतिमा आणि नकाशाची फाइल तोवर ठेवायची.
बाहेरच्या दोन्ही डिस्कांचे चेकसम जूनमध्ये पुन्हा पडताळायचे.